रोमचं नळकोंडाळं

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी पाँपेईच्या गल्ल्यांवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथं घेतली आहेत. पहिल्या पत्रालाच सगळ्यांत जास्त जागा गेली, कारण तो प्रश्न माझ्या माहेरचा आहे.

बाई, मी पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होतो, आता निवृत्त आहे. रोमन लोकांच्या उंच कमानींचे फोटो सगळेच दाखवतात. पण रोजचं पाणी सोडायचं कोण, गळती कोण काढायचं, चोरून नळ घेतले जायचे का, हे कुणी सांगत नाही. आणि शिशाच्या नळांमुळं रोम बुडालं म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, बार्शी

साहेब, माझे वडील चावीवाले होते. पहाटे चारला ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून घरातून निघायचे. कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी, हे त्यांच्या डोक्यात असायचं. रस्त्याखाली गळती आहे असा संशय आला, की चावीचं एक टोक नळावर टेकवून दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. पुढं मी शाळेत इतिहास शिकवायला लागले. पुस्तकात रोमच्या कमानी होत्या, पण चावीवाला कुठंच नव्हता. तो मला फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर फ्रॉन्टिनसच्या ग्रंथात सापडला.

सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टिनस हा मोठा माणूस. ब्रिटनचा सुभेदार राहिलेला. इ.स. 97 मध्ये सम्राट नर्व्हानं त्याला रोम शहराच्या पाण्याचा प्रमुख नेमलं. अशा हुद्द्यावर बसलेले लोक हाताखालच्यांच्या सांगण्यावर कारभार चालवत. फ्रॉन्टिनसला ती गोष्ट लाजिरवाणी वाटली. आधी स्वतः सगळं समजून घ्यायचं ठरवून त्यानं कालव्यांची, नळांची, मापांची आणि कायद्यांची टिपणं काढली. तीच टिपणं म्हणजे त्याचा ग्रंथ. लिहिलेला स्वतःच्या उपयोगासाठी, म्हणून त्यात शोभेचं काही नाही. मला तो आवडतो तो त्यासाठीच.

त्याच्या काळी रोमला नऊ जलवाहिन्या होत्या. सगळ्यांत जुनी अक्वा अप्पिया, इ.स.पू. 312 ची. इ.स.पू. 144 मध्ये सुरू झालेली अक्वा मार्सिया साधारण 91 किलोमीटर लांब, त्यातली जवळजवळ 80 किलोमीटर जमिनीखालून. म्हणजे फोटोत दिसणाऱ्या कमानी हा एकूण कामाचा लहानसा तुकडा. बाकीचं सगळं अंधारात, दगडी पन्हळीतून, उतारानं. पंप नाहीत. उतार जरा चुकला तर पाणी एक तर थांबणार, नाही तर बांधकाम खात सुटणार. मधे मधे वर उघडणाऱ्या विहिरी ठेवलेल्या, आत उतरून साफसफाई करण्यासाठी. कात्रजहून शनिवारवाड्याकडं आणलेल्या पेशवाई नळाचे उच्छ्वास तुम्ही पाहिले असतील, तर रोमच्या त्या विहिरी तुम्हाला वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न. माणसं किती होती? सातशे. 240 सरकारी तुकडीत आणि 460 सम्राटाच्या. हे सगळे गुलाम होते. फ्रॉन्टिनस त्यांची कामं सांगतो: मुकादम, पाण्याच्या टाक्यांचे राखणदार, वाहिनीच्या कडेनं फेरी मारणारे, रस्त्याची फरसबंदी उकरून पुन्हा बसवणारे, गिलावा करणारे. तुमच्या खात्यातली निम्मी पदं यात दिसतील. हा कामगार वरिष्ठांच्या मर्जीनं कुणाच्या तरी खासगी कामावर धाडला जायचा, हेही तो लिहितो. त्यावर त्यानं उपाय केला: उद्या कोण काय करणार ते आजच लिहून ठेवायचं, आणि आज कोणी काय केलं तेही नोंदवायचं. कामाची वही! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून वडिलांची जुनी डायरी काढून बसले होते.

आणि चोरी? भरपूर. शेतकरी वाटेतच पन्हळ फोडून मळ्याला पाणी वळवत. इ.स.पू. 9 च्या कायद्यानं वाहिनी फोडणाऱ्याला एक लाख सेस्टर्स दंड लावला होता, तरी चालूच. शहरात तर वेगळीच कला. प्रत्येक मंजूर जोडणीला टाकीच्या भिंतीत ठरलेल्या मापाचं ब्राँझचं तोंड बसवायचं, त्यावर सरकारी ठसा मारायचा. लांबी बारा अंगुळं. ब्राँझच का? तर शिसं मऊ, ते ठोकून रुंद करता येतं. ब्राँझ दाद देत नाही. या तोंडापुढं पन्नास फुटांपर्यंत नळही त्याच मापाचा हवा, असा नियम. मग लोकांनी काय केलं? बिनठशाची तोंडं बसवली. कुठं ठशासकट मोठं माप खपवलं. पाण्याचा हक्क माणसाला मिळे, घराला नाही. घर विकलं की हक्क संपला, नव्या मालकानं नवा अर्ज करायचा. तेव्हा टाकीला नवं भोक पाडलं जाई आणि जुनं तसंच ठेवून पाणीवाले त्यातून परस्पर पाणी विकत. फरशीखालून शहरभर चोरनळ पसरले होते, वाटेतल्या दुकानांना थेट जोडलेले. ही भोकं सांभाळणाऱ्या माणसाला तर नावही पडलेलं होतं, ‘भोकांवरचा’. फ्रॉन्टिनसनं ते नळ उखडायला लावले, आणि किती पाणी चोरीला जात होतं याचा अंदाज त्यानं उखडून निघालेल्या शिशाच्या ढिगावरून केला.

हिशेबाची त्याची एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. दप्तरात आवक लिहिली होती 12,755 क्विनारिया, आणि वाटप 14,018. आलं त्यापेक्षा 1,263 जास्त वाटलं! तो स्वतः उगमांवर जाऊन मोजमाप करून आला, तेव्हा दिसलं की प्रत्यक्ष आवक दप्तरापेक्षा सुमारे दहा हजारांनी जास्त आहे. ही क्विनारिया म्हणजे सव्वा अंगुळ व्यासाच्या नळाचं माप. तुमच्या लगेच ध्यानात येईल की यात फक्त तोंडाचा आकार धरलाय, वेग नाही. वेगानं फरक पडतो हे फ्रॉन्टिनसला दिसत होतं, तो तसं लिहितोही. पण मोजायचं साधन त्याच्याकडं नव्हतं. म्हणून त्याचे आकडे आजच्या लिटरमध्ये नेमके बसवता येत नाहीत. त्याची सचोटी मात्र त्या आकड्यांतून पुरेपूर कळते.

दुरुस्तीचं वेळापत्रकही त्यानं दिलंय. बांधकाम 1 एप्रिल ते 1 नोव्हेंबर, पण ऐन उन्हाळ्यात थांबायचं, कारण कडक उन्हात चुन्याचं काम नीट धरत नाही. आणि एका वेळी एकच वाहिनी बंद करायची.

पाणी जायचं कुणाकडं, हेही सांगायला हवं. सम्राटाची बांधकामं, स्नानगृहं, श्रीमंतांची घरं होतीच. पण शहरात 591 सार्वजनिक हौद होते, आणि त्यांत रात्रंदिवस पाणी वाहतं राहिलं पाहिजे असा कायदा होता. बहुतेक रोमकरांच्या घरी नळ नव्हता. त्यांनी हौदावरूनच पाणी भरलं. पाँपेईत असे रस्त्यावरचे चाळीसेक हौद सापडलेत. मी 2019 मध्ये तिथं गेले होते. हौदाच्या दगडी काठावर, पाण्याच्या तोटीच्या दोन्ही बाजूंना खोलगट झिजलेलं आहे. वाकून पाणी घेताना लोक जिथं हात टेकवायचे ती जागा. मी तिथं माझा हात ठेवला. अगदी नेमका बसला. गाईड पुढं निघून गेला तरी मला तिथून हलवेना.

शिशाबद्दल. शिसं वाईट हे रोमनांना माहीत नव्हतं असं नाही. व्हिट्रुव्हियस हा वास्तुकार इसवी सनाच्या आधीच लिहून गेलाय की मातीच्या नळातलं पाणी आरोग्याला बरं, आणि दाखला म्हणून शिशाचं काम करणाऱ्यांचे फिकुटलेले चेहरे दाखवतो. पण रोमचं पाणी बरंच जड होतं, नळाच्या आत चुनखडीचा थर बसायचा. शिवाय पाणी नळात साचून राहत नव्हतं, सतत वाहत होतं. शरीरात शिसं जाण्याच्या दुसऱ्याही वाटा होत्या, शिशाच्या भांड्यात आटवलेला द्राक्षरस ही त्यातली एक. नुकसान झालं असणार. पण एवढं मोठं साम्राज्य नळांनी बुडालं हे मला पटत नाही. पूर्वेकडचा अर्धा भाग 1453 पर्यंत टिकला, आणि नळ तिकडंही होते.

बाई, रोमन अंकांत शून्य नाही. मग ते बेरीज-वजाबाकी कशी करायचे? आमच्या वर्गात कुणालाच सांगता आलं नाही.
— इयत्ता आठवी, गडहिंग्लज

छान विचारलंस. ते हिशेब त्या अंकांत करतच नव्हते, बाळा. अंक फक्त उत्तर लिहून ठेवायला. हिशेब व्हायचा खड्यांनी किंवा खाचांत मणी सरकवायच्या लहानशा पाटीवर. लॅटिनमध्ये खड्याला ‘कॅल्क्युलस’ म्हणत, तोच शब्द तुला पुढं बारावीच्या गणितात भेटेल. त्या पाटीवर शून्याची जागा म्हणजे नुसती रिकामी खाच.

अपूर्णांक मात्र त्यांना पाठ असत, आणि ते बारा भागांचे. बाराव्या भागाला ‘उन्किया’ म्हणत, इंग्रजीतले इंच आणि औंस त्यातूनच आले. होरेस नावाच्या कवीनं शाळेतला एक प्रसंग लिहिलाय. गुरुजी विचारतात: पाच बारांशातून एक काढला, उरलं किती? मुलगा म्हणतो, तिसरा हिस्सा. आणि एक मिळवला तर? निम्मं. तुझ्या आजोबांना विचार, ते पावकी, निमकी, सवायकी, दिडकी कशी पाठ म्हणायचे. म्हणून दाखवायला सांग.

रोमन साधी माणसं रोज काय खायची? इटालियन म्हटलं की आमच्या घरी पिझ्झाच डोळ्यांपुढं येतो.
— गृहिणी, डोंबिवली

ताई, त्या पिझ्झातला टोमॅटो काढून टाका. टोमॅटो, मिरची, बटाटा, मका हे सगळं अमेरिका खंडातलं, युरोपात 1492 नंतर आलं. आपल्याकडंही त्यानंतरच. रोमन मजुराचं जेवण म्हणजे पाव नाही तर धान्याची पेज, कडधान्यं, कांदा-लसूण, कोबीसारखी भाजी, ऑलिव्हचं तेल, पाणी घातलेली वाइन. चवीला ‘गारुम’, म्हणजे मीठ घालून उन्हात मुरवलेल्या माशांचं पाणी. कोकणातल्या माणसाला त्याचं नवल वाटणार नाही.

पाव कसा असायचा हे अंदाजानं सांगावं लागत नाही. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हा पाँपेईतल्या एका बेकरीत भट्टीत ठेवलेले 81 पाव कोळसा होऊन तसेच राहिले. 1862 मध्ये ते बाहेर काढले. गोल, वर आठ भागांच्या खुणा केलेले, तोडायला सोपे. शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये सापडलेल्या एका पावावर ठसा आहे: हा सेलेरचा, क्विंटस ग्रॅनियस व्हेरसच्या गुलामाचा. घराघरांतून कणीक सामायिक भट्टीवर भाजायला जायची, तिथं पाव बदलू नयेत म्हणून हा ठसा असावा असं मला वाटतं. सेलेरबद्दल जगाला एवढंच ठाऊक आहे. मला तो पाव कुठल्याही सम्राटाच्या पुतळ्यापेक्षा जवळचा वाटतो.

आणि एक गोष्ट आपल्या देशाची: काळी मिरी. रोमन पाककृतींत ती जिथं तिथं पडलेली दिसते, आणि ती जायची केरळातून. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरातल्या देवळात भारतीय बनावटीच्या एका रांजणात साडेसात किलो मिरी जशीच्या तशी सापडली. पुढं 408 मध्ये गॉथांचा राजा अलारिक रोमला वेढा घालून बसला, तेव्हा त्यानं सोन्या-चांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही मागून घेतली.

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात समुद्रदेवाची रोमन मूर्ती आहे. म्हणजे रोमन लोक पंचगंगेच्या काठी राहत होते का? आमच्या गटात यावरून वाद झाला.
— इतिहासप्रेमी, इचलकरंजी

मूर्ती आहे, आणि अगदी मोलाची आहे. पॉसिडॉनची छोटी ब्राँझ मूर्ती. 1940 च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं, त्यात परदेशी घडणीच्या ब्राँझच्या वस्तूंचा साठा निघाला, त्यातली ही. मी दरवर्षी मुलांना घेऊन ती पाहायला जात असे.

पण वस्तू प्रवास करते म्हणून तिला घडवणारा माणूस सोबत येतोच असं नाही. ती बंदरावर उतरली असेल, चार हात बदलले असतील, घाट चढून बैलांच्या पाठीवरून आली असेल. पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेलं समुद्रप्रवासाचं टिपण उपलब्ध आहे, त्यात कल्याण आणि चौल येतं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेरहून कापड गाड्यांत भरून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं, असं तो लिहितो. उलट दिशेनं काय यायचं? वाइन, त्यातही इटलीची खास. तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच.

इकडं आलेले यवन होतेच. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, त्यांची नावं प्राकृतात कोरलेली आहेत. काहींची नावं तर चक्क इथली वाटतात. पण यवन म्हणजे रोम शहरातला माणूस असा अर्थ घेऊ नका. ग्रीक बोलणारा, कदाचित इथंच दोन पिढ्या राहिलेला, बुद्धाला मानणारा माणूस. तुमच्या गटात ज्यांनी ‘रोमन वसाहत’ म्हटलं, त्यांना पुरावा मागा.

उलटा प्रवासही लक्षात ठेवा. 1938 मध्ये पाँपेईतल्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, भारतीय, साधारण 24 सेंटिमीटर उंच. तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला निघाल्या आहेत. सध्या ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरचं संग्रहालय पाहिलं नसेल, तर पुढच्या सुट्टीत गट घेऊन तिकडं जा. वाद मिटला नाही तरी चालेल.

मुलीकडं युरोपला चाललेय. रोमला दोनच दिवस मिळणार आहेत. गर्दीची ठिकाणं जावई दाखवतीलच. तुम्ही कुठं न्याल?
— निवृत्त परिचारिका, नाशिक

पोर्ता माज्जोरेला. तिथं बसेस आणि ट्राम यांचा गलका असतो, चौक काही देखणा नाही, जावई म्हणतील इथं काय. थोडा वेळ मागून घ्या.

समोर दोन मोठ्या कमानींचं दार दिसेल. ते मुळात शहराचं दार नव्हतं, दोन जलवाहिन्या रस्ता ओलांडून नेण्यासाठी बांधलेलं काम आहे. वर एकाखाली एक तीन शिलालेख आहेत. सगळ्यांत वरचा सम्राट क्लॉडियसचा: इ.स. 52, मी हे पाणी आणलं. त्याखाली व्हेस्पेसियन, इ.स. 71: हे पाणी नऊ वर्षं बंद आणि मोडकळीला आलं होतं, मी दुरुस्त केलं. त्याखाली टायटस, इ.स. 81: जुनं झाल्यामुळं पार बिघडलं होतं, मी पुन्हा नव्यानं केलं. सगळ्यांनी स्वतःच्या खर्चानं केल्याचं लिहिलंय. तीस वर्षांत एकच काम तीनदा! बार्शीच्या ओव्हरसियर साहेबांनी हे तीन लेख वाचले, तर ते कुणाच्याही आधी सांगतील की मधल्या काळात काय काय झालं असेल.

मग दाराच्या बाहेरच्या अंगाला या. एक विचित्र दगडी इमारत आहे, तिच्या अंगावर मोठमोठी गोल भोकं. ती मार्कस व्हर्जिलियस युरिसेसीज या बेकरीवाल्याची समाधी, ख्रिस्तजन्माच्या वीस-तीस वर्षं आधीची. तो कदाचित आधी गुलाम होता आणि नंतर मुक्त झाला. पुढं सरकारी पावाचा ठेकेदार झाला. ती भोकं म्हणजे कणीक तिंबायची भांडी असावीत असं बरेच जण मानतात. क्लॉडियसच्या माणसांनी जलवाहिनी बांधताना समाधीला हात लावला नाही. पुढं तटाचा एक बुरूज तिच्यावर चढला आणि ती दिसेनाशी झाली. 1838 मध्ये बुरूज पाडला तेव्हा आतून ही निघाली.

वरच्या पट्टीकडं मान वर करून सावकाश पाहा. धान्य येतंय, गाढवं जातं ओढतायत, पीठ चाळतायत, कणीक मळतायत, गोळे करतायत, भट्टीत सारतायत, टोपल्या भरून तराजूवर चढवतायत. काम करणारी सगळी माणसं आहेत. तुम्ही आयुष्यभर वॉर्डात उभं राहून काम केलंय, ती माणसं कशी उभी आहेत, कुठं भार देतायत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

त्याच्या बायकोचं नाव अतिस्तिया. तिचा वेगळा लेख तिथंच सापडला. त्याचा अर्थ तुमच्यासाठी इथं देते, वहीत उतरवून न्या: ‘अतिस्तिया माझी बायको होती. फार चांगली बाई, तशीच जगली. तिच्या देहाचं जे काही उरलंय, ते या पावाच्या टोपलीत आहे.’